कमठ्याला आंघोळ

मोट चामड्याची असते, मेलेल्या जनावराच्या कातड्याची. माझ्या सासरी विहिरीवर दिवसभर मोट चाले. तिचं पाणी पाटानं उसात जाई, त्याच पाटावर आम्ही घागरी भरत असू, आणि देवाच्या तांब्यातही तेच पाणी असे. त्याबद्दल कुणाला कधी काही वाटलं नाही. पण मी बैलाच्या पायाची वाळलेली शीर घरात आणली तेव्हा सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ही घान माज्या चुलीम्होरं आनायची न्हाई. सांगून ठिवते." इतकी वर्षं झाली तरी हे आठवलं की माझं डोकं तापतं. तापू दे.

शीर मी आणली होती कमठ्यासाठी. कमठा म्हणजे धनुष्य. आमच्याकडे तीरकमठा म्हणतात. बाईमाणसाला तीरकमठा कशाला हवा, हा प्रश्न त्या वेळी सगळ्या गावानं विचारून झाला होता, म्हणून तेच आधी सांगते.

आमचं गाव इस्लामपूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. खाली काळी जमीन आणि ऊस, वर माळ आणि झाडी. लढाईची वर्षं होती. माझे मालक पलटणीत होते. कुठल्या मुलखात, ते कार्डावर लिहायची मुभा नव्हती. घरात सासरे, सासूबाई आणि थोरले दीर. दिरांची बायको वारली होती, त्यामुळे घरातली दोन बायकांची कामं मी एकटी ओढत होते. मालक पलटणीत जायला निघाले त्या दिवशी सासऱ्यांनी माळाकडेचा एक लहानसा तुकडा मला दाखवला आणि म्हणाले, "पोरी, ह्यो तू कसायचा. हितलं यील ते तुजं." त्या तुकड्यात काय पेरावं, कधी खुरपावं, हे मला कुणी विचारत नसे. बाकी सगळ्या घरात मीठ किती घालायचं हेसुद्धा दुसरंच कुणीतरी ठरवत होतं. तो तुकडा माझा जीव होता, असं म्हणायला मला अजिबात लाज वाटत नाही.

मी तिथं भुईमूग लावत असे. दोन सुगी डुकरांनी उकरून खाल्ल्या. रानडुक्कर शेंग भरली की बरोबर येतं, आणि एका पहाटेत सगळं रान नांगरून जातं. दिरांच्या उसात डुकरं शिरू नयेत म्हणून गडी होते, शेकोट्या होत्या, पत्र्याचे डबे होते. माझ्या तुकड्यापाशी चिटपाखरू नसे. घरात ठासणीची बंदूक होती, ती चळवळीच्या गडबडीत सरकारनं ठाण्यात जमा करून घेतलेली. तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर दीर सोप्यात बसून सासऱ्यांना म्हणाले, आणि म्हणाले ते मला ऐकू जाईल अशा बेतानं, "ह्या सुगीलाबी डुकरांनीच खाल्लं तर तुकडा मी उसात घेनार. डुकरं पोसायला जमीन न्हाई आपली." सासरे काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नसत, आणि लोक त्याला शांत स्वभाव म्हणत.

गोफण मला चांगली येत होती. ज्वारीवरची पाखरं मी एका धोंड्यात उठवत असे. पण डुकराला गोफणीचा धोंडा म्हणजे माशी बसल्यागत. माझं माहेर जावळीकडच्या डोंगरातलं. तिथले रानातले लोक कमठ्यानं ससा, भेकर मारायचे ते मी लहानपणी पाहिलं होतं, आणि गंमत म्हणून दोन-चार बाण सोडलेही होते. मी ठरवलं, आपण कमठा करायचा.

कावडीसाठी म्हणून धामणीचे दोन दांडे गोठ्यात आढ्याला टांगून वाळवलेले होते. धामणीचं लाकूड चिवट, म्हणून तर त्याची कावड करतात. सासऱ्यांना विचारून मी त्यातला एक घेतला. कोयत्यानं तासला, विळ्यानं साफ केला, आणि कंदिलाची फुटकी काच घेऊन बोटं कापून घेत गुळगुळीत केला. घायपाताच्या वाखाची दोरी वळली. मोठ्या हौसेनं दोरी चढवली, ओढली, आणखी थोडी ओढली, आणि काडकन आवाज होऊन दांड्याची ढलपी उडून माझ्या गालाला लागली. रक्त आलं. दीर परसात तोंड धूत होते. ते हसले, आणि शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "आता बायका तीरकमठा चालवनार म्हंजे आमी बांगड्या भराव्या का काय?"

"भरा की. भरायला आणि काय लागतं, हातच लागत्यात," मी म्हणाले. पदर डोक्यावर होता, नजर खाली होती, म्हणजे रीतीत काही कमी नव्हतं. पण त्या एका वाक्याबद्दल सासूबाई माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत.

मोडलेला कमठा मी टाकून दिला नाही. संध्याकाळी तो घेऊन बसले. तो आतल्या अंगानं, पोटाकडून, मुळीच बिघडला नव्हता. बाहेरची बाजू, जी वाकताना ताणते, तिथली एक रेघ उचकटली होती आणि तिथूनच पुढं सगळं फाटत गेलं होतं. म्हणजे लाकडाच्या पाठीला धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे होतं. मग माझ्या वडिलांची कुऱ्हाड आठवली. तिचा दांडा तडकला तेव्हा त्यांनी बैलाच्या टाचेवरची शीर कुटून, सुतार लाकूड चिकटवतात त्या सरसात भिजवून दांड्याला लावली होती, आणि पुढं ती कुऱ्हाड आमच्या लग्नाच्या मांडवाची लाकडं तोडायलाही वापरली. शीर ताणते पण तुटत नाही.

शीर मिळाली ती गावकुसापाशी मोटा शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून. मी विचारलं तेव्हा तो अवघडून गेला. आमच्या घरची बाई त्याच्या दारात कधी उभी राहिली नव्हती. पण त्यानं वाळलेल्या शिरा कागदात बांधून दिल्या. त्या घेऊन मी घरी आले, आणि सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

मग मी गोठ्यात तीन दगड मांडले आणि माझी वेगळी चूल केली. इस्लामपूरच्या बाजारातून सरसाच्या वड्या आणल्या होत्या. सरसही जनावराच्या कातड्या-हाडांचाच, पण सुतारकामाला लागतो म्हणून त्याला घरात मज्जाव नव्हता. ह्याचा काय अर्थ लावायचा तो ज्यानं त्यानं लावावा. वड्या भिजत घातल्या, एका मडक्यात ठेवल्या आणि ते मडकं ऊन पाण्याच्या भांड्यात ठेवलं, कारण सरस थेट जाळावर ठेवला की करपतो. शिरा दगडावर कुटून कुटून त्यांचे केसांसारखे दोरे काढले. हात सुजले. दुसऱ्या दांड्याचा कमठा तासून झाला होता. त्याची पाठ राखेच्या पाण्यानं धुऊन, तेलाचा डाग राहू न देता वाळवली, आणि खुरप्याच्या टोकानं तिच्यावर बारीक चरे ओढले. मग एकेक बट ऊन सरसात बुडवायची, बोटांनी निपटायची आणि पाठीवर लांबसडक बसवायची. पहिलीच्या टोकावर दुसरीची टोकं, कौलं घालतात तशी. एक थर झाला की तो वाळेपर्यंत थांबायचं. असे तीन थर दिले.

भादव्याची हवा दमट, सरस काही केल्या वाळेना. मी कमठा गोठ्यातच, गुरांसाठी धूर करतो तिथं वर टांगला. रोज सकाळी शेण काढायला गेले की हात लावून बघायची. हळूहळू तो वाळला आणि वाळता वाळता स्वतःच उलट्या अंगाला थोडा वाकला, शिरा आखडल्या म्हणून. ते बघून मला जो आनंद झाला, तसा लग्नातसुद्धा झाला नव्हता. मोडक्या खुरप्याच्या पात्याची दोन टोकं लोहारानं करून दिली, ती मी कळकाच्या बाणांना बसवली. नव्या दोरीला मेण लावलं, आणि कमठा एका खुंटीवर आडवा ठेवून दोरीला पाण्याची बादली अडकवली. कमठ्याची दोन्ही अंगं सारखी वाकत होती. कुरकुर नाही, कडकड नाही.

सरसाचं एक वैर असतं, पाण्याशी. ऊन पाण्यात तो विरघळतो. मुळात आपण त्याला तसाच तर पातळ करतो. म्हणून पावसाची भुरभुर असली की मी कमठा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून नेत असे. हे मी घरात सांगितलं होतं. सासऱ्यांना सांगितलं होतं, सासूबाईंना सांगितलं होतं, आणि दिरांनी एकदा तो हातात घेऊन वरखाली न्याहाळला तेव्हा त्यांनाही तोंडावर सांगितलं होतं, "भावजी, ह्याला पानी लागू द्यायचं न्हाई. पाठ सुटंल." ते "व्हय व्हय" म्हणाले होते.

घट बसायच्या सुमाराला शेंगा भरल्या. मी तुकड्याच्या बांधावर पहाटे पहाटे जाऊन बसू लागले. तिसऱ्या की चौथ्या पहाटे झाडीतून कळप उतरला, मोठं डुक्कर पुढं. फटफटलं होतं, अंगावरचे केस दिसत होते. मी मोठ्यावर नेम धरला आणि दोरी सोडली. बाण त्याच्या मांडीत बसला. डुक्कर असं ओरडलं की खालच्या वस्तीतले लोक उठले, आणि सगळा कळप झाडं मोडत वर पळाला. त्यानंतर आठ-दहा दिवस एकही डुक्कर माझ्या तुकड्याकडं फिरकलं नाही. दिरांच्या उसाकडंही फिरकलं नाही, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

गावात मात्र बोलबाला झाला. आणि मग गंमत अशी झाली की "बायकांचा तीरकमठा" रातोरात "आमच्या घरचा कमठा" झाला. दीर पारावर बसून सांगू लागले, धामण कशी निवडावी, शीर कशी कुटावी. शीर त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. मी पाण्याला जाताना हे कानावर यायचं आणि तळपायाची आग मस्तकाला जायची. पण तुकडा वाचतोय ना, मग फुशारकी मारू दे, असं मनाला समजावत होते.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात: कोयते, कुऱ्हाड, विळे, नांगराचा फाळ. मी आदल्या दिवशीच बाजूला झाले होते, पाळी आली होती. म्हणजे शिवायचं नाही, सोप्याच्या आत यायचं नाही, घटाच्या दिशेनं बघायचंही नाही. पण आदल्या संध्याकाळी उसाचं पाणी धरायला, वैरण आणायला माझा विटाळ कुणाला झाला नव्हता, आणि त्या दिवशीही सकाळी शेण मीच काढलं. विटाळ फक्त देवापाशी. मी परसात भांडी घासत होते. गोठ्यात गेले तर खुंटीवर कमठा नाही.

परसातून सोप्यात दिसतं. दिरांनी पाटावर सगळी हत्यारं मांडली होती आणि मधोमध कमठा. ज्या शिरेला चुलीपुढं यायची बंदी होती ती आता देवापुढं होती. शेजारचे तिघं-चौघं बघायला बोलावले होते. शेजारी पितळी तपेल्यात पाणी होतं, वाफ येत होती. देवाला ऊन पाण्याची आंघोळ, मग हत्याराला का नको, असा त्यांचा हिशोब असावा. त्यांनी शिकेकाई घेतली आणि कमठ्याच्या पाठीवर चोळली. वर तांब्यानं ऊन पाणी ओतलं.

"भावजी! पानी घालू नगा! सरस सुटंल!" मी परसातून ओरडले.

सासूबाई दारात आल्या. "गप. पुजंच्या टायमाला आवाज नगं. सावली पडंल तुजी."

"आत्याबाई, पडू द्या सावली, ते पानी थांबवा!"

दिरांनी माझ्याकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं, आणि दुसरा तांब्या ओतला. मला दिसत होतं, शिरांचा रंग पालटून पांढुरका होत होता, त्या फुगत होत्या. सासरे भिंतीला टेकून बसले होते, ज्यांना मी पाण्याचं सांगितलं होतं. त्यांनी नजर खाली घातली. तेव्हा मी आत शिरले. घटाच्या समोरून गेले, पाटावरून कमठा उचलला आणि बाहेर आले. मागं एकच गिल्ला झाला, सासूबाई कपाळ बडवून घेऊ लागल्या. मी गोठ्यात जाऊन कमठा पुसला, जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून त्याची पाठ घट्ट आवळून बांधली आणि सावलीत टांगला. पंधरा दिवस दोरी चढवली नसती तर तो बहुतेक वाचला असता. सुटलं होतं थोडं, सगळं नाही. मी गोठ्याच्या दारातून मोठ्यानं सांगितलं, "दोन आठवडं ह्याला कुनी हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसरा. मी शेतावर गेले आणि दिरांनी चिंध्या सोडून कमठा नेला. सीमोल्लंघनाला गावाच्या शिवेवर सगळी जमली होती, त्यांच्यापुढं त्यांना बाण सोडून दाखवायचा होता. तिथं काय झालं ते मला आपट्याची पानं घेऊन येणाऱ्या बायांनी सांगितलं. दिरांनी दोरी कानापर्यंत ओढली, पाठीवरची शीर सालीसारखी सोलत गेली आणि कमठा मधोमध मोडला. लोक हसले. दिरांच्या हातात दोरीला लोंबणारे दोन तुकडे राहिले.

घरी येईपर्यंत त्यांनी कारण शोधलं होतं. संध्याकाळी सोप्यात सोनं वाटून झाल्यावर म्हणाले, "विटाळशी बाई देवाम्होरनं हत्यार उचलून न्हेती, त्ये टिकंल व्हय? शिवलं, म्हनून सुटलं." सासूबाई म्हणाल्या, मी तर कालच म्हटलं होतं. शेजारीपाजारी माना डोलावू लागले. त्यांच्यातल्या तिघांनी ऊन पाणी ओतताना डोळ्यांनी बघितलं होतं. आधी पाणी पडलं, मग माझा हात लागला. एवढा साधा क्रम, आणि सोप्यातल्या एकाही माणसाला तो आठवेना.

दोन-तीन दिवसांत डुकरं परत उतरली. मी गोफण घेतली, पत्र्याचा डबा वाजवला, घसा फुटेस्तोवर ओरडले. अर्ध्याहून जास्त तुकडा त्यांनी उकरला. उरलेल्या शेंगा मी कच्च्याच उपटल्या.

मग सासऱ्यांनी मला बोलावलं. दीर शेजारी बसले होते. सासरे मऊ आवाजात बोलले, नेहमीसारखेच. म्हणाले, "हे बघ पोरी, वाद वाढवाय नगं. देवाम्होरं एवढंच म्हन, माज्या विटाळानं कमठा मोडला. नारळ फोडू, शांत करू. मग तुकडा तुज्याकडंच राहील. ह्योबी तयार हाय."

दीर मिशीवरून हात फिरवत होते. एक वाक्य आणि तुकडा माझा. मला तो तुकडा किती हवा होता हे त्या दोघांनाही माहीत होतं, म्हणून तर त्यांनी त्याच्या बदल्यात ते वाक्य मागितलं होतं. मी म्हणाले, "मामंजी, कमठा ऊन पान्यानं सुटला. तुमी तितंच बसला हुता. तुमी म्हना, तुमाला काय दिसलं?"

ते तोंडातलं पान चघळत राहिले. मग म्हणाले, "म्हातारा मानूस मी. मला काय दिसतंय?"

तुकडा गेला. पुढच्या हंगामाला दिरांनी बांध फोडून पाट वर नेला आणि तिथं उसाची लागण केली.

लढाई संपल्यावर मालक रजेवर आले. तोवर त्या तुकड्यात ऊस कमरेइतका झाला होता. मी तोवर दम धरला होता, कारण मला वाटत होतं, हे बाहेर फिरून आलेले आहेत, ह्यांना कळेल. घरातली सगळी निजल्यावर नव्हे, भर दुपारी, अंगणात, कुणाला ऐकू गेलं तर जाऊ दे अशा आवाजात मी त्यांना सगळं सांगितलं. शिरा, सरस, डुक्कर, तपेलं, सोपा, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. डुकराला बाण लागला तिथं ते खूश होऊन मांडीवर थाप मारून "शाब्बास" म्हणाले. शेवटी म्हणाले, "मग म्हनून टाकायचं हुतंस की. एका शब्दानं काय झिजत हुतं? रान तर राहिलं असतं."

मी विचारलं, "तुमच्या सायबानं तुमची रायफल पान्यात बुडवली असती, आन् वर म्हनला असता, तुज्या हातानं बिगाडली म्हनून कबूल कर, तर केलं असतंत?"

ते हसले. "त्ये येगळं असतंय."

"काय येगळं?"

त्यांनी खरोखर विचार केला. माणूस चांगला होता. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, कधी शिवी दिली नाही. विचार करून म्हणाले, "तितं चौकशी हुती. हितं काय, घरातलंच हाय की समदं."

मी उठले, भाकरी टाकल्या, त्यांना वाढलं. ते जेवताना पलटणीतल्या गमती सांगत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. त्या दिवशी सोप्यात ते हजर असते तर कुठं बसले असते, ते मला तेव्हा कळलं. सासऱ्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून.